निर्बंधांची मागणी आणि सत्ताधाऱ्यांचा विलंब : दक्षिण आफ्रिकेचा दाखला (१९४६–१९९४)

आपल्याच प्रजेवर अत्याचार करणाऱ्या राजवटीला शस्त्र न उचलता आवर घालता येईल काय, हा विसाव्या शतकाच्या आंतरराष्ट्रीय राजकारणातील एक मूलभूत प्रश्न होय. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाने आपल्या घटनेच्या १६ व्या कलमात आर्थिक निर्बंधांची तरतूद केली, तेव्हा या प्रश्नाला होकारार्थी उत्तर सापडले असे अनेकांना वाटले होते. परंतु १९३५ साली इटलीने अबिसिनियावर आक्रमण केले आणि या साधनाची पहिली मोठी कसोटी लागली. निर्बंध घातले गेले, पण तेल त्यांतून वगळले गेले. सुवेझचा कालवा इटलीच्या जहाजांना खुलाच राहिला. मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडले आणि जुलैमध्ये निर्बंध उठविण्यात आले. आर्थिक निर्बंध निष्फळ असतात, असा सिद्धान्त या अनुभवातून पुढे पुष्कळांनी काढला. वस्तुतः त्या प्रसंगाने सिद्ध झाले ते एवढेच की, ज्या मात्रेत औषध परिणामकारक ठरले असते त्या मात्रेत ते देण्याची वैद्याची इच्छा नव्हती.

निर्बंधांच्या शक्तीचा आणि मर्यादांचा विचार करावयाचा तर दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. तेथे निर्बंधांची पहिली कृती १९४६ साली झाली आणि शेवटचा निर्बंध १९९४ साली उठला. या अठ्ठेचाळीस वर्षांचा वृत्तान्त बहुधा निर्बंध लादणाऱ्या सरकारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो त्याहूनही अधिक अर्थाने निर्बंधांची मागणी करणाऱ्यांचा इतिहास आहे. ज्यांनी प्रथम निर्बंध घातले त्यांच्या हाती परिणाम घडविण्याचे बळ नव्हते. ज्यांच्या हाती ते बळ होते त्यांची इच्छा नव्हती. या दोहोंमधील अंतर कसे व कशामुळे तुटले, हाच येथे विचाराचा विषय आहे.

१. हिंदुस्थानची व्यापारबंदी

नाताळमधील उसाच्या मळ्यांवर करारबद्ध हिंदी मजूर जाऊ लागले ते १८६० साली. त्यांच्या व त्यांच्यामागून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या वंशजांवर जमीनधारणेची व निवासाची बंधने घालणारा कायदा स्मट्स यांच्या सरकारने १९४६ मध्ये संमत केला. या कायद्याला तेथील हिंदी समाजाने 'घेट्टो कायदा' असे नाव दिले आणि १३ जून १९४६ रोजी डर्बन येथे डॉ. युसुफ दादू व डॉ. मॉन्टी नायकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. हिंदुस्थान सरकारने आपले हायकमिशनर, वऱ्हाडातील रामराव देशमुख, यांना परत बोलाविले. जूनमध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेला. आणि जुलै १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी होणारा व्यापार बंद केला.

या कृतीविषयी दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, तेव्हा हिंदुस्थान स्वतंत्र झालेला नव्हता. पंडित नेहरूंचे हंगामी सरकार सप्टेंबरमध्ये अधिकारावर आले. व्यापारबंदी त्यापूर्वीच, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाच्या अमदानीत, जाहीर झाली होती. लोकमताचा रेटा एवढा प्रबळ होता की परक्या सत्तेलाही तो डावलता आला नाही. दुसरी गोष्ट ही की, हा तोट्याचा व्यवहार होता. त्या वेळी हिंदुस्थानच्या एकूण निर्यातीपैकी सुमारे ५ टक्के माल दक्षिण आफ्रिकेकडे जात असे. उलटपक्षी दक्षिण आफ्रिकेची भिस्त ब्रिटनवर होती. हिंदी मालाला पर्याय शोधणे तिला कठीण नव्हते. म्हणजे ज्याने निर्बंध घातला त्याला झळ अधिक बसली आणि ज्याच्यावर घातला त्याला कमी.

मग या कृतीचे मोल काय? ८ डिसेंबर १९४६ रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेत जे घडले त्यावरून ते कळून येते. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील हिंदी शिष्टमंडळाने, ज्यात मुंबईचे विधिज्ञ एम. सी. छागला हेही होते, मांडलेल्या प्रश्नावरील ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत झाला. ७ राष्ट्रे तटस्थ राहिली. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असा स्मट्स यांचा मुख्य बचाव होता. ज्या सनदेच्या प्रस्तावनेत मानवी हक्कांवरील श्रद्धेचा उच्चार आहे, त्या प्रस्तावनेचा मूळ मसुदा स्मट्स यांनीच केला होता, ही गोष्ट सभागृहात कोणालाही अज्ञात नव्हती. स्वतः तोटा सोसून आलेल्या राष्ट्राला इतरांकडे मागणी करण्याचा अधिकार प्राप्त होतो, हे या प्रसंगाचे तात्पर्य होय. केवळ उपदेश करणाऱ्याला तो अधिकार लाभत नाही.

तथापि १९४६ चा प्रश्न हिंदी लोकांपुरता मर्यादित होता, हेही मान्य केले पाहिजे. तो व्यापक झाला तो दक्षिण आफ्रिकेतील पीडितांमुळेच. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा हे त्याच वर्षी न्यूयॉर्कला जाऊन आले आणि ९ मार्च १९४७ रोजी दादू, नायकर व झुमा यांनी सहकार्याचा संयुक्त करार केला. १९४८ मध्ये मलान यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला. १९५० मध्ये वर्णानुसार लोकांची नोंदणी करणारा आणि वर्णानुसार वस्त्या वेगळ्या पाडणारा असे दोन कायदे झाले. वर्णविभाजनाची, म्हणजे 'अपार्थाइड'ची, चौकट अशा रीतीने उभी राहिली. १९५२ पासून आमसभेपुढे हा प्रश्न समग्र वर्णकलहाचा म्हणून येऊ लागला.

२. पीडितांची हाक आणि समर्थांचा नकार

१९५९ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते आल्बर्ट ल्युथुली यांनी परदेशांतील जनतेला दक्षिण आफ्रिकी मालावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. २६ जून १९५९ रोजी लंडन येथील सभेत ज्युलियस न्येरेरे व फादर ट्रेव्हर हडलस्टन यांच्या उपस्थितीत बहिष्काराच्या चळवळीस आरंभ झाला. यानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, २१ मार्च १९६० रोजी, शार्पव्हिल येथे परवानापद्धतीविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी गणनेनुसार ६९ माणसे मृत्युमुखी पडली. परदेशी भांडवल देश सोडू लागले आणि सरकारला भांडवलाच्या निर्गमनावर नियंत्रणे घालावी लागली. ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने सूचक होती. राजवटीचे मर्मस्थान तिच्या बाजारपेठेपेक्षा तिच्या पतपुरवठ्यात आहे, हे या वेळी प्रथम दिसून आले. पण ही जखम लवकरच भरून निघाली आणि साठीच्या दशकात त्या देशात परदेशी गुंतवणुकीचा पुन्हा ओघ लागला.

६ नोव्हेंबर १९६२ रोजी आमसभेने ठराव क्र. १७६१ संमत केला. राजनैतिक संबंध तोडणे, बंदरे बंद करणे, मालावर बहिष्कार घालणे इत्यादी उपाय त्यात सुचविले होते. ठरावाच्या बाजूने ६७, विरुद्ध १६ आणि तटस्थ २३ अशी मतविभागणी झाली. संख्येने हा विजय मोठा होता; अर्थाने तो पोकळ होता. कारण विरोधी मतांत ब्रिटन, अमेरिका व फ्रान्स यांची मते होती, आणि दक्षिण आफ्रिकेचा व्यापार, कर्जे व शस्त्रास्त्रे यांचे प्रमुख उगम तेथेच होते. आमसभेचा ठराव शिफारशीपुरता. बंधनकारक निर्णयाचा अधिकार सुरक्षा समितीचा. आणि तेथे या तिन्ही राष्ट्रांच्या हाती नकाराधिकार. या घटनात्मक पेचामुळे निर्बंधांचा प्रश्न पंचवीस वर्षे अडून राहिला.

याच ठरावाने एक विशेष समिती नेमली. पाश्चिमात्य राष्ट्रांनी तिच्यावर बसण्यास नकार दिला. या नकाराचा परिणाम त्यांच्या अपेक्षेविरुद्ध झाला. सरकारे दूर राहिल्यामुळे समितीने त्यांच्या प्रजेकडे मोर्चा वळविला. समितीच्या कार्यालयाची धुरा सुरुवातीस वाहणारे एनुगा श्रीनिवासुलू रेड्डी या भारतीय अधिकाऱ्याने चर्च, कामगार संघ, विद्यापीठे व खेळाडूंच्या संघटना यांच्याशी चिकाटीने संबंध जोडले. राजनीतीचे केंद्र अशा रीतीने मंत्रालयांतून सभागृहांत, आणि सभागृहांतून रस्त्यावर सरकले. क्रीडाक्षेत्रातील बहिष्कार हे याचे ठळक उदाहरण. १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांतून दक्षिण आफ्रिका वगळली गेली. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या भारताने तिच्याशी खेळण्याचे नाकारून विजेतेपदाची संधी सोडून दिली.

३. तीन आक्षेप

निर्बंधांना विरोध करणाऱ्या सरकारांनी वेळोवेळी तीन आक्षेप घेतले. पहिला, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप नको. या आक्षेपाचा जोर शार्पव्हिलनंतर ओसरला; १ एप्रिल १९६० रोजी सुरक्षा समितीनेही हा प्रश्न आंतरराष्ट्रीय शांततेशी निगडित असल्याचे मान्य केले, आणि त्या वेळी ब्रिटन व फ्रान्स विरोध न करता तटस्थ राहिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. निर्बंधांचे चटके प्रथम गरीब कृष्णवर्णीयांनाच बसतील, असे म्हटले जाई. हा आक्षेप केवळ ढोंग म्हणून बाजूला सारता येत नाही. संसदेत वर्णविभाजनाशी एकाकी झुंज देणाऱ्या हेलन सुझमन यांचाही निर्बंधांना विरोध होता, आणि झुलू नेते बुथेलेझी यांचाही. परंतु ल्युथुली यांनी १९५९ च्या सुमारासच या प्रश्नाला तोंड दिले होते. झळ बसेल हे त्यांनी नाकारले नाही. दीर्घकाळ चाललेल्या दुःखाचा शेवट लवकर होणार असेल तर ती झळ सोसण्यास आमची तयारी आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनीही निर्बंधांचा पुरस्कार केला. येथे निर्णायक मुद्दा हा की, दुसऱ्याच्या वतीने दुःख पत्करण्याचा अधिकार कोणालाही नसतो. तो अधिकार ज्याचे दुःख त्याचाच. ज्या देशात निर्बंधांची मागणी करणे हाच दंडनीय अपराध ठरू शकत होता, तेथे इतक्या नेत्यांनी ती मागणी उघडपणे करावी, यातच तिचे नैतिक प्रामाण्य आहे.

तिसरा आक्षेप, निर्बंध निरुपयोगी असतात, हा. त्यासाठी ऱ्होडेशियाचा दाखला दिला जाई. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी तेथील गोऱ्या अल्पसंख्याकांनी एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले; १९६६ मध्ये सुरक्षा समितीने बंधनकारक निर्बंध घातले आणि १९६८ मध्ये ते सर्वंकष केले. तरीही राजवट १९७९ पर्यंत टिकली. कारण दक्षिण आफ्रिका व पोर्तुगीजांच्या ताब्यातील मोझांबिक या दोन दारांतून माल जातयेत राहिला, आणि अमेरिकन काँग्रेसने १९७१ मध्ये ऱ्होडेशियन क्रोमच्या आयातीला कायद्यानेच वाट करून दिली. दक्षिण आफ्रिकेच्या तेलाचीही हीच कथा. अरब राष्ट्रांनी १९७३ मध्ये तेल बंद केले, पण शहाच्या इराणने ते १९७९ पर्यंत पुरविले. तेव्हा निरुपयोगी काय होते? निर्बंध की त्यांतील भोके? जी सरकारे भोके ठेवीत होती तीच निर्बंध गळतात असे सांगत होती.

या संदर्भात भारताचेही वर्तन सर्वस्वी निर्दोष होते असे म्हणता येणार नाही. कच्च्या हिऱ्यांच्या जागतिक विक्रीवर दक्षिण आफ्रिकेत मूळ असलेल्या डी बिअर्स कंपनीच्या लंडनमधील विक्रीसंस्थेचे प्रभुत्व होते, आणि मुंबईचे हिरेव्यापारी त्याच संस्थेकडून माल उचलीत. पैलू पाडण्याच्या धंद्यावर गुजरातेत व मुंबईत असंख्य कुटुंबे पोसली जात होती. निर्बंध घालणे सोपे आणि पाळणे कठीण का, याचे उत्तर शोधण्यासाठी लंडनपर्यंत जाण्याचे कारण नाही.

४. पतपुरवठ्याचा फास

१६ जून १९७६ रोजी सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळीबार झाला आणि १२ सप्टेंबर १९७७ रोजी स्टीव्ह बिको यांचा पोलिसांच्या कोठडीत असताना अंत झाला. ४ नोव्हेंबर १९७७ रोजी सुरक्षा समितीने ठराव क्र. ४१८ अन्वये शस्त्रबंदी बंधनकारक केली. राष्ट्रसंघाच्या एखाद्या सदस्यराष्ट्राविरुद्ध असा बंधनकारक निर्बंध यापूर्वी घातला गेला नव्हता. परंतु तोपर्यंत दक्षिण आफ्रिकेने स्वतःचा शस्त्रोद्योग उभारला होता. १९६३ मध्ये हीच शस्त्रबंदी ऐच्छिक स्वरूपात आली होती. मधल्या चौदा वर्षांचा लाभ राजवटीने पुरेपूर घेतला. उशिरा घातलेला निर्बंध प्रतिपक्षाला स्वावलंबी बनवितो, हा या प्रकरणाचा धडा होय.

खरा आघात झाला तो १९८५ मध्ये, आणि तो कोणत्याही सरकारने केला नाही. १९८४ पासून वसाहतींमध्ये उठाव पेटला होता. जुलै १९८५ मध्ये आणीबाणी पुकारण्यात आली. अमेरिकेत रँडल रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९८४ पासून वॉशिंग्टनमधील दक्षिण आफ्रिकी वकिलातीपुढे रोज स्वतःस अटक करवून घेण्याचा क्रम चालविला होता. विद्यापीठे, नगरपालिका व निवृत्तिवेतन निधी दक्षिण आफ्रिकेत व्यवहार करणाऱ्या कंपन्यांचे भाग विकू लागले होते. अशा वातावरणात जुलैअखेरीस चेस मॅनहटन या बँकेने अल्प मुदतीच्या कर्जांची मुदत वाढविण्यास नकार दिला. इतर बँकांनी तिचे अनुकरण केले. १५ ऑगस्ट रोजी अध्यक्ष बोथा यांनी डर्बन येथे केलेल्या भाषणात सुधारणांची अपेक्षा फोल ठरविली आणि रँड या चलनाचा भाव कोसळला. १ सप्टेंबरला सरकारने परदेशी कर्जाची मुद्दल फेडणे स्थगित केल्याची घोषणा केली. त्याच महिन्यात देशातील बड्या उद्योगपतींचे एक मंडळ गेव्हिन रेली यांच्या नेतृत्वाखाली झांबियात जाऊन बंदी घातलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या नेत्यांना भेटले. भांडवलाचा राजवटीवरील विश्वास उडाल्याची ही पहिली जाहीर कबुली होती.

सरकारे मागाहून आली. राष्ट्रकुलाने नेमलेले प्रतिष्ठित व्यक्तींचे मंडळ, ज्यात भारताचे सरदार स्वर्णसिंग होते, मध्यस्थी करीत असतानाच १९ मे १९८६ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने बोट्स्वाना, झांबिया व झिंबाब्वे या तीन शेजारी राष्ट्रांच्या राजधान्यांवर हल्ले केले. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर तरीही कठोर निर्बंधांना अनुकूल झाल्या नाहीत. अमेरिकेत अध्यक्ष रेगन यांनी निर्बंधांच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. प्रतिनिधिगृहाने तो ३१३ विरुद्ध ८३ आणि सिनेटने २ ऑक्टोबर १९८६ रोजी ७८ विरुद्ध २१ मतांनी रद्द ठरविला. रॉन डेलम्स यांनी अशा स्वरूपाचे विधेयक प्रथम १९७२ मध्ये मांडले होते. ज्या कायद्याला चौदा वर्षे बहुमत मिळाले नाही त्याला अध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षातील सभासदांनीही मते दिली. कारण नकार देण्याची किंमत आता त्यांना त्यांच्या मतदारसंघांत मोजावी लागणार होती.

या कायद्याची रचनाही अभ्यसनीय आहे. नवी गुंतवणूक, तसेच कोळसा, लोखंड, पोलाद, युरेनियम, कापड व शेतमाल यांची आयात त्याने बंद केली. परंतु त्याचबरोबर निर्बंध कशाने उठतील हेही नेमके सांगितले. मंडेला व इतर राजबंद्यांची सुटका, आणीबाणी रद्द करणे, पक्षांवरील बंदी उठविणे, १९५० चे दोन कायदे मागे घेणे आणि वाटाघाटी, अशा त्या अटी होत्या. शिक्षेला दार ठेवलेले होते.

५. फलश्रुती आणि तिची मर्यादा

२ फेब्रुवारी १९९० रोजी अध्यक्ष डी क्लार्क यांनी बंदी उठविल्याची घोषणा केली. ११ फेब्रुवारीस नेल्सन मंडेला मुक्त झाले. हे केवळ निर्बंधांचे फळ होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वसाहतींतील व कारखान्यांतील उठाव, अंगोलातील युद्धाचा भार, १९८८ चा नामिबियाविषयीचा करार आणि शीतयुद्धाचा अस्त या सर्वांचा त्यात वाटा आहे. निर्बंधांनी केले ते असे की, उठाव दडपून पूर्ववत् सुबत्तेत राहण्याचा जो मार्ग १९६० नंतर राजवटीला मोकळा होता तो १९८५ नंतर उरला नाही. कर्जाची परतफेड तर करावयाची आणि नवे भांडवल तर मिळत नाही, या कोंडीत अर्थव्यवस्थेची वाढ खुंटली. शार्पव्हिलनंतर भांडवल परत आले होते. आता ते आले नाही. हा फरक निर्णायक होता.

निर्बंध उठविण्याचा क्रमही लक्षणीय आहे. २४ सप्टेंबर १९९३ रोजी मंडेला यांनी राष्ट्रसंघाच्या विशेष समितीपुढे निर्बंध उठविण्याची विनंती केली आणि ऑक्टोबरमध्ये आमसभेने ती मान्य केली. ज्यांनी मागणी केली त्यांनीच ती मागे घेतली. शस्त्रबंदी मे १९९४ मध्ये, सार्वत्रिक निवडणुकीनंतर, संपुष्टात आली.

याच काळात इराकवर घातलेले निर्बंध याच्या अगदी उलट आहेत. ऑगस्ट १९९० मध्ये सुरक्षा समितीने ते जवळजवळ सर्वंकष स्वरूपात घातले आणि ते मे २००३ पर्यंत बहुतांशी टिकले. येथे विलंब नव्हता, गळती तुलनेने कमी होती, सामर्थ्यवान राष्ट्रे अग्रभागी होती. तरीही राजवट हलली नाही आणि सामान्य जनतेची दुर्दशा झाली. राष्ट्रसंघाचे तेथील मानवतावादी कार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये निषेधार्थ पद सोडले. तेथे निर्बंधांची मागणी पीडितांच्या संघटित चळवळीने केलेली नव्हती. आणि कोणत्या कृतीने ते उठतील याविषयी समर्थ राष्ट्रांच्या बोलण्यात एकवाक्यता राहिली नाही. यावरून असे दिसते की, निर्बंधांची तीव्रता ही त्यांच्या परिणामकारकतेची पुरेशी अट नव्हे. पीडितांची संमती, राजवटीच्या मर्मस्थानाची अचूक निवड, प्रमुख व्यापारी राष्ट्रांचा सहभाग आणि सुटकेच्या स्पष्ट अटी या चार गोष्टी एकत्र आल्या तरच ते साधन न्याय्य आणि उपयुक्त ठरते.

दक्षिण आफ्रिकेत या चार गोष्टी एकत्र येण्यास चाळीस वर्षे लागली. या विलंबाचा हिशेब कोरडा नाही. १९६० ते १९८३ या काळात सुमारे ३५ लाख माणसांना तेथे सक्तीने आपल्या घरांतून हलविण्यात आले. आमसभेत ६७ राष्ट्रांनी जे उपाय सुचविले होते, त्यांचा महत्त्वाचा अंश अमेरिकेने चोवीस वर्षांनी स्वीकारला. मधल्या काळात उपायांचे स्वरूप फारसे बदलले नव्हते; बदलली होती ती त्यांना नकार देण्याची राजकीय किंमत, आणि ती वाढविली होती अधिकारपदावर नसलेल्या माणसांनी. सत्ताधाऱ्यांकडे निर्बंधांची मागणी करणे हा दुर्बळांचा निष्फळ आक्रोश आहे, असे मानणाऱ्या इतिहासकाराला १९८६ च्या त्या मतदानाचा उलगडा करता येणार नाही.